हर्मन फ्राश

हर्मन फ्राश (जन्म : ओबररोट, व्युर्टेंबर्ग, २५ डिसेंबर १८५१, मृत्यू : पॅरिस, १ मे १९१४) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व संशोधक होते. जमिनीखालील गंधक वितळवून बाहेर काढण्याची 'फ्राश पद्धत' त्यांच्या नावाने ओळखली जाते. तेलविहिरींचे उत्पादन आम्लाच्या साहाय्याने वाढविण्याच्या तंत्राचेही ते एक जनक मानले जातात.

कारकीर्द

फ्राश १८६८ मध्ये अमेरिकेत गेले व फिलाडेल्फिया येथे औषधनिर्माणशास्त्राच्या क्षेत्रात काम करू लागले. पुढे ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणाकडे वळले. ओहायोतील लिमा परिसरातील तेलात गंधकाचे प्रमाण अधिक असल्याने त्याला दुर्गंधी येत असे. तांब्याच्या ऑक्साइडच्या साहाय्याने हे गंधक वेगळे करण्याची रीत फ्राश यांनी शोधली. त्यामुळे हे तेल दिव्यांसाठी वापरणे शक्य झाले. स्टँडर्ड ऑइल कंपनीने त्यांना आपल्या सेवेत घेतले.

विहिरींवरील आम्लप्रक्रिया

लिमा येथील तेल चुनखडकात साठलेले होते. उत्पादन मंदावलेल्या विहिरींत हायड्रोक्लोरिक आम्ल दाबाने सोडल्यास ते चुनखडक विरघळवते व तेलाच्या वाटा रुंदावतात, ही फ्राश यांची कल्पना होती. या अभिक्रियेत तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळत असल्याने विहिरीतून सहज बाहेर काढता येते. १७ मार्च १८९६ रोजी त्यांना याचे एकस्व मिळाले. त्याच दिवशी त्यांचे सहकारी जॉन व्हॅन डाइक यांना सल्फ्युरिक आम्लाच्या वापराचे एकस्व मिळाले. मात्र त्यातून बनणारे कॅल्शियम सल्फेट फारसे विरघळत नसल्याने खडकातील छिद्रे बुजण्याचा धोका होता.

लिमा येथील प्रयोगांत उत्पादन वाढले; परंतु आम्लामुळे विहिरीतील लोखंडी नळ्याही झिजत असत. या अडचणीमुळे ही पद्धत काही वर्षांतच मागे पडली.

गंधक उत्खनन

डिसेंबर १८९४ मध्ये लुइझियाना राज्यात फ्राश यांनी अतितप्त पाणी जमिनीखाली सोडून द्रवरूप गंधक वर आणले. या पद्धतीमुळे सिसिलीची गंधकावरील मक्तेदारी पुढे संपुष्टात आली. १९१२ मध्ये त्यांना पर्किन पदक मिळाले.

वारसा

फ्राश यांच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी, १९३२ मध्ये, डाऊ केमिकल कंपनीने मिशिगनमधील एका विहिरीत आर्सेनिकयुक्त गंजरोधक मिसळलेले हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले. नळ्यांना संरक्षण मिळाल्याने ही पद्धत व्यवहार्य ठरली. चुनखडकातील तेलविहिरींसाठी आजही प्रामुख्याने हायड्रोक्लोरिक आम्लच वापरले जाते.