भवानराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (जन्म : २४ ऑक्टोबर १८६८, मृत्यू : १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार, लेखक आणि सूर्यनमस्काराचे प्रसारक होते. श्वासोच्छ्वासाशी जोडलेला नमस्कार हा रोजच्या जीवनाचा भाग व्हावा, यासाठी त्यांनी सुमारे चार दशके प्रयत्न केले. आज जगभर योगवर्गांची सुरुवात ज्या सूर्यनमस्काराने होते, त्याला सार्वजनिक व्यायामाचे रूप देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पूर्वायुष्य

पंतप्रतिनिधी हे सातारच्या छत्रपतींच्या काळापासून चालत आलेले मातब्बर घराणे होय. औंध हे त्यांचे गाव आता सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. आटपाडी व कुंडल हे संस्थानाचे भाग पुढे सांगली जिल्ह्यात गेले. भवानरावांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. पदवी घेतली. त्या काळच्या संस्थानिकांत पदवीधर फारसे आढळत नसत. आधीच्या अधिपतींना इंग्रज सरकारने पदच्युत केल्यानंतर १९०९ मध्ये ते गादीवर आले.

सँडोकडून सूर्यनमस्काराकडे

भवानरावांच्या व्यायामाची सुरुवात सूर्यनमस्काराने झाली नाही. युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूची कीर्ती तेव्हा हिंदुस्थानभर पसरली होती. त्याची पुस्तके व साधने भवानरावांनी १८९७ मध्ये मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सल्ल्यावरून १९०८ च्या सुमारास ते नियमित सूर्यनमस्कार घालू लागले, ते अखेरपर्यंत.

नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. आखाड्यात आणि धार्मिक व्रत म्हणून ते घातले जातच होते आणि त्यांची परंपरा समर्थ रामदासांपर्यंत नेली जाते. भवानरावांनी मात्र त्यांची दहा अवस्थांत नेमकी मांडणी केली, प्रत्येक अवस्थेतील हातपाय, पाठीचा कणा व मान यांची ठेवण ठरवली आणि त्यांना श्वासाची जोड दिली. (आज शिकवले जाणारे बारा टप्पे हा थोडा वेगळा क्रम आहे.)

श्वास आणि मंत्र

नमस्कार घालताना तोंड मिटलेले असावे आणि श्वास नाकानेच घ्यावा व सोडावा, असा त्यांचा कटाक्ष होता. यामागील शरीररचनेचा भाग सोपा आहे. छाती पुढे काढून मान मागे नेली की बरगड्या फाकतात आणि श्वास आत घेणे सुलभ होते. कमरेत वाकले की पोट दाबले जाते, श्वासपटल वर ढकलले जाते आणि श्वास सहज बाहेर पडतो. हालचाल व श्वास यांचा हा मेळ सुटला, तर नमस्कार ही नुसती घाईची उठबस होते आणि थोड्याच वेळात धाप लागते.

नमस्काराच्या आधी ओंकार, ह्रां, ह्रीं, ह्रूं अशी बीजाक्षरे आणि सूर्याची नावे उच्चारण्याची पद्धतही त्यांनी ठेवली. या अक्षरांच्या कंपनांचा निरनिराळ्या इंद्रियांवर परिणाम होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. ती शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेली नाही. दीर्घ स्वर सावकाश उच्चारल्याने निःश्वास लांबतो आणि दोन नमस्कारांमध्ये दम घेण्यास उसंत मिळते, एवढे मात्र कोणालाही करून पाहता येते. नमस्काराने बहुतेक रोग टळतात व वार्धक्य दूर राहते, हे त्यांच्या लेखनातील दावेही आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाहीत.

शाळांतील प्रसार

संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. खटाव, आटपाडी हा अवर्षणाचा मुलूख. व्यायामशाळा व साधने यांवर खर्च करणे लहान संस्थानाला परवडणारे नव्हते. नमस्काराला माणूस आडवा होईल एवढी जागा पुरते आणि पैसा लागत नाही, ही त्यांच्या दृष्टीने मोठी सोय होती. राजघराण्यातील स्त्रियाही नमस्कार घालीत. व्यायाम हे पुरुषांचे काम मानण्याच्या त्या काळात ही गोष्ट लक्षणीय ठरते.

याच सुमारास औंधला राहणारे वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीही आसने व सूर्यनमस्कार यांवर लेखन केले. १९१८ पासून १९४८ पर्यंत त्यांचे वास्तव्य औंधला होते.

या प्रसाराची थट्टाही झाली. आचार्य अत्रे यांच्या १९३३ मधील ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकात नमस्काराच्या वेडावर विनोद आहे. एखादी गोष्ट घराघरांत बोलली जात असल्याशिवाय रंगभूमीवर तिची चेष्टा चालत नाही, हेही खरे.

१९३६ मध्ये भवानराव इंग्लंडला गेले. तेथे लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीला वृत्तपत्रातून प्रसिद्धी दिली. त्यांनीच संपादित केलेले ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे भवानरावांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये निघाले. भवानराव नमस्काराला मुख्यतः व्यायाम मानीत. म्हैसूरच्या राजवाड्यातही १९३० च्या दशकात नमस्काराचे वर्ग योगासनांच्या वर्गांपासून वेगळे भरत. पुढे दोन्ही इतके मिसळले, की सूर्यनमस्कार हा प्राचीन योगग्रंथांतलाच भाग असावा असा समज रूढ झाला.

अन्य कार्य

किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये त्यांनी दिलेल्या जागेवर उभा राहिला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी आर्थिक साहाय्य केले, तसेच सचित्र रामायण सिद्ध केले. १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधचे श्री भवानी चित्रसंग्रहालय त्यांच्याच संग्रहातून उभे राहिले. पुत्र अप्पासाहेब, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन आणि महात्मा गांधी यांच्या सल्ल्याने त्यांनी १९३९ मध्ये संस्थानाची सत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर प्रजेकडे सोपवली. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळातली.

१९४८ मध्ये औंध संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, वयाच्या ८३ व्या वर्षी, भवानरावांचे निधन झाले. मुत्सद्दी म्हणून नाव मिळवलेल्या अप्पासाहेब पंत यांनी पुढे सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.