बास्केटबॉलचे जनक : डॉ. जेम्स नेस्मिथ

व्यायामशिक्षकाचे नाव बहुधा शाळेच्या आवाराबाहेर जात नाही. परीक्षेच्या निकालात त्याच्या विषयास स्थान नाही आणि संघ हरला की दोष मात्र त्याच्या माथी येतो. आम्ही स्वतः शिक्षकी पेशात आयुष्य घालविले असल्याने हे पुरते जाणतो. म्हणूनच ज्ञातिबांधवांपुढे, आणि विशेषतः आपल्या तरुणांपुढे, एका व्यायामशिक्षकाचे चरित्र ठेवावे असे आम्हांस वाटले.

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, आल्मोंट गावाजवळ झाला. १८७० साली विषमज्वराच्या साथीत आईबाप दोघेही निवर्तले आणि पुढे मामांनी त्यांचा सांभाळ केला. हायस्कूल अर्ध्यावर सोडून जेम्स जंगलात लाकूडतोडीच्या कामास लागले. काही वर्षांनी, विशीच्या सुमारास, ते वयाने लहान मुलांच्या शेजारी पुन्हा बाकावर येऊन बसले. ह्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. पुढे माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाची पदवी व नंतर धर्मशास्त्राचे शिक्षण त्यांनी संपादन केले.

१८९१ च्या हिवाळ्यात ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात शिक्षक होते. बाहेर बर्फ आणि आत त्याच त्या कवायतींना कंटाळलेला अठरा तरुणांचा दांडगा वर्ग! प्रमुख डॉ. गुलिक ह्यांनी घरात खेळण्याजोगा नवा खेळ शोधून काढण्याचे काम त्यांजवर सोपविले. नेस्मिथांनी विचार केला की, चेंडू हातात घेऊन धावू दिले की धक्काबुक्की होते. म्हणून धावणेच बंद करावे. लक्ष्य डोक्याच्या वर आडवे ठेवले की जोरापेक्षा नेम महत्त्वाचा ठरतो. शिपायाने आणून दिलेल्या पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर सज्जाच्या कठड्यास ठोकण्यात आल्या व तेरा नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले. बास्केटबॉलचा जन्म हा असा झाला. ह्या खेळाचे पेटंट त्यांनी कधीही घेतले नाही.

१८९४ साली मॉड शर्मन ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्या बाईंनी स्त्रियांच्या अगदी आरंभीच्या सामन्यांत भाग घेतला होता. दांपत्यास पाच अपत्ये झाली. संसार सांभाळीत १८९८ मध्ये नेस्मिथ डेन्व्हर येथे डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात व्यायामशिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील संघाचे मार्गदर्शक ह्या नात्याने त्यांच्या खाती ५५ विजय व ६० पराजय नोंदलेले आहेत. खेळाच्या जनकाच्याच पदरी पराजय अधिक! परंतु विद्यार्थ्यांचे शरीर व शील घडविणे हेच त्यांना आपले खरे काम वाटे.

ह्याची साक्ष एका प्रसंगाने पटते. १९३३ च्या सुमारास जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला. वर्णामुळे विद्यापीठाच्या संघाचे दार त्याला बंद होते. नेस्मिथांनी त्याला आपल्या मार्गदर्शनाखाली घेतले आणि गावातील हायस्कूलच्या मुलांना शिकविण्याचे काम मिळवून दिले. त्याच मॅक्लेंडन ह्यांनी पुढे १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे आपल्या महाविद्यालयाच्या संघास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा देशभरच्या मार्गदर्शकांनी वर्गणी जमवून वृद्ध नेस्मिथांना तेथे पाठविले. पुढील वर्षी मॉडबाईंचे निधन झाले आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी नेस्मिथांनीही इहलोकीची यात्रा संपविली.

आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात प्रथम क्रमांकाच्या मुलांस हार घालणे योग्यच आहे. परंतु शाळा सुटल्यावर पुन्हा धीराने बाकावर येऊन बसणारा एखादा मुलगा आपल्या घरात असेल, तर त्याच्याही पाठीवर हात ठेवावा, अशी आमची सर्व कुटुंबप्रमुखांस नम्र विनंती आहे. नेस्मिथ अशांपैकीच एक होते.