फक्त ऊस पिकवणाऱ्या मॉरिशसला शिवसागर रामगुलाम यांनी जगाच्या बाजारात कसं उभं केलं?

मॉरिशसला जाणारं विमान ज्या विमानतळावर उतरतं, त्याला सर शिवसागर रामगुलाम यांचं नाव आहे. ज्या माणसाचं नाव विमानतळाला दिलं गेलं, त्याच माणसाच्या आघाडीला १९८२ साली मॉरिशस बेटावरच्या ६० पैकी एकही जागा मिळाली नव्हती. ते स्वतःसुद्धा पडले होते.

असं का झालं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. इंग्रजांनी उसाच्या मळ्यात राबायला भारतातून लाखो गिरमिटिया मजूर मॉरिशसला नेले. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातले, काही तमिळ, तेलुगू आणि काही आपल्या कोकणातलेही. त्यांच्या वंशजांमुळे तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवली जाते.

अशाच एका बिहारी मजुराच्या घरी १९०० साली शिवसागर यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. लहानपणी अपघातात एक डोळाही गेला. तरी पोरगं शिकलं, १९२१ ला लंडन गाठलं आणि १९३५ ला डॉक्टर होऊन परत आलं. पुढे मजूर पक्षाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. पण वातावरण जल्लोषाचं नव्हतं. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांना पडली होती. काही आठवड्यांपूर्वीच पोर्ट लुईमध्ये दंगल झाली होती. बेकारी प्रचंड होती आणि निर्यातीतला ९० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा. एखादं चक्रीवादळ आलं किंवा जगात साखर स्वस्त झाली, की अख्खा देश अडचणीत. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनीही या बेटाच्या भविष्याबद्दल काळजी व्यक्त केली होती.

रामगुलाम यांनी दोन डाव टाकले.

पहिला १९७० चा. निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना करात सूट आणि कच्चा माल आयात शुल्काशिवाय. त्या काळात श्रीमंत देशांनी कोणत्या देशातून किती कपडे घ्यायचे याचा कोटा ठरवायला सुरुवात केली होती. हाँगकाँगच्या कारखानदारांना कोट्याची अडचण होती, म्हणून त्यांनी मॉरिशसमध्ये शिवणयंत्रं लावली. साखरवाल्या बागायतदारांनीही पैसा घातला. हजारो बायका पहिल्यांदाच पगारी नोकरीला लागल्या.

दुसरा डाव १९७५ चा. युरोपसोबतच्या लोमे कराराने मॉरिशसची सुमारे ५ लाख टन साखर दरवर्षी ठरलेल्या भावाने विकली जाणार, याची हमी मिळाली. हा भाव अनेकदा जागतिक बाजारापेक्षा बराच जास्त असायचा.

साखरेच्या तेजीच्या जोरावर सरकारने सढळ हाताने खर्च केला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं.

पण तेजी कायम टिकत नसते. साखर उतरली, १९७९ ला तेल भडकलं. सरकारला नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं आणि १९७९, १९८१ असं दोनदा रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं. महागाई आणि बेकारीने लोक वैतागले आणि १९८२ ला त्यांनी रामगुलाम यांना घरी बसवलं.

१९८३ मध्ये ते गव्हर्नर जनरल झाले. १५ डिसेंबर १९८५ ला त्यांचं निधन झालं. गंमत बघा, साधारण त्याच सुमारास कारखान्यांची निर्यात साखरेच्या पुढे गेली. त्यांनी लावलेल्या झाडाला फळं धरली ती त्यांची खुर्ची गेल्यावर.

पुढे २००५ ला कपड्यांचे कोटे संपले, २००९ ला साखरेची हमीही गेली. कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या. पण तोपर्यंत देशाकडे शिकलेली माणसं होती. पर्यटन आणि बँकिंगसारखे व्यवसाय उभे राहिले होते, त्यामुळे देश कोसळला नाही.

छोट्या देशाला जगाच्या बाजाराकडे पाठ फिरवता येत नाही. तिथला भाव त्याच्या हातात नसतो. हातात असतं ते एवढंच, की घासाघीस करून चांगल्या अटी मिळवायच्या आणि चार पैसे आले की ते आपल्या माणसांवर लावायचे. रामगुलाम यांनी हे दोन्ही केलं. त्याची किंमतही त्यांनीच मोजली.