दोन डोळ्यांनी पाहिलेले योसेमिटी

व्ह्यूमास्टरला डोळे लावून दूरदेशीचे डोंगर आणि धबधबे पाहिल्याची आठवण अनेकांच्या मनात ताजी असेल. सपाट चित्रात अचानक खोली निर्माण होते, जवळचे झाड पुढे येते आणि मागचा कडा दूर सरकतो. हा चमत्कार व्ह्यूमास्टरच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील घराघरांत स्टिरिओस्कोप नावाचे साधन पोहोचले होते. त्यातून पाहण्यासाठी अमेरिकेच्या पश्चिमेकडील दऱ्याखोऱ्यांची हजारो जोडचित्रे टिपणारा कलावंत म्हणजे कार्लटन वॉटकिन्स. ज्याच्या छायाचित्रांनी एक दरी वाचविण्यास हातभार लावला, त्याच्या स्वतःच्या वाट्याला मात्र दारिद्र्य, अंधत्व आणि निनावी कबर आली.

वॉटकिन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वनिओन्टा या गावी झाला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याच्या बातमीने देशभरातील तरुणांना वेड लावले होते. विशीत असलेले वॉटकिन्सही पश्चिमेकडे निघाले. त्यांच्याच गावचे कॉलिस हंटिंग्टन यांनी सॅक्रमेंटोत दुकान थाटले होते. तेथे त्यांना काम मिळाले. पुढे रेल्वेसम्राट म्हणून प्रसिद्धीस आलेल्या हंटिंग्टन यांची मैत्री वॉटकिन्स यांना आयुष्यभर उपयोगी पडली. छायाचित्रणाकडे मात्र ते योगायोगानेच वळले. रॉबर्ट व्हान्स या व्यावसायिकाच्या स्टुडिओत काही दिवस बदली माणूस म्हणून उभे राहिले आणि तेथेच कामात रमले, असे सांगितले जाते. आरंभीच्या काळात खाणी आणि जमिनींच्या वादांत न्यायालयापुढे सादर करण्यासाठी त्यांनी छायाचित्रे काढली. जमिनीचा चढ-उतार आणि अंतर अचूक दाखविण्याची शिस्त त्यांना याच कामातून लागली असावी.

१८६१ची मोहीम

१८६१च्या उन्हाळ्यात वॉटकिन्स योसेमिटीच्या दरीत उतरले. सुमारे ४६ बाय ५६ सेंटिमीटर आकाराची काच मावेल एवढा अवाढव्य कॅमेरा त्यांनी सोबत नेला होता. त्याच्या जोडीला दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेराही होता. त्या काळी छायाचित्रण ही अंगमेहनतीची कामगिरी होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत नेऊन चित्र उमटवायचे. काचा, रसायने, तंबू आणि कॅमेरे असा सारा संसार खेचरांच्या पाठीवरून डोंगरवाटांनी न्यावा लागे. एक खेचर घसरले, तरी अनेक दिवसांच्या श्रमांवर पाणी फिरण्याची भीती असे. या मोहिमेतून त्यांनी ३० मोठ्या आणि सुमारे १०० स्टिरिओ निगेटिव्ह परत आणल्या.

मोठ्या चित्रांनी डोळे दिपत. परंतु दरीची खोली अनुभवायला मिळे ती हाताच्या पंजाएवढ्या जोडचित्रांतूनच. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे दृश्य दिसते आणि या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. स्टिरिओ कॅमेऱ्याची दोन भिंगे हेच काम करतात. मात्र निसर्गदृश्यांत एक अडचण येते. शेकडो मीटर दूर असलेला कडा दोन्ही भिंगांना जवळपास सारखाच दिसतो आणि चित्र पुन्हा सपाट होते. यावर उपाय म्हणजे जवळ काहीतरी हवे. एखादा ओंडका, पाण्यातील शिळा किंवा पाइनचे खोड चौकटीत आले, की मागचा कडा आपोआप दूर जातो. वॉटकिन्स यांच्या उत्तम जोडचित्रांत दृश्याची अशी पायरीपायरीने रचना आढळते. पुढे झाड, मध्ये नदी आणि त्यामागे एल कॅपिटनचा उभा पाषाण.

१८६२ साली न्यूयॉर्कच्या गूपिल कलादालनात ही चित्रे मांडली गेली. स्टिरिओस्कोपचा सुटसुटीत नमुना तयार करणारे लेखक व वैद्य ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीही वॉटकिन्स यांच्या चित्रांची दखल घेतली. देशात यादवी युद्ध पेटलेले असताना, ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसाचे महावृक्ष यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्यांनी ती दरी कधी पाहिली नव्हती, त्यांना ती वॉटकिन्स यांच्या छायाचित्रांतून दिसली, म्हणूनच या निर्णयाचे काही श्रेय त्यांना दिले जाते. योसेमिटीतील एका शिखराला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १८६७ साली त्यांनी ऑरेगनमध्ये कोलंबिया नदीकाठची दृश्ये टिपली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले.

सर्वस्व गेले, दोनदा

कलेत पारंगत असलेले वॉटकिन्स व्यवहारात कच्चे होते. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी थाटलेले भपकेबाज योसेमिटी कलादालन कर्जावर उभे होते. १८७५ साली बँक ऑफ कॅलिफोर्निया कोसळली आणि मंदीच्या लाटेत हे दालन धनकोंच्या हाती गेले. त्याबरोबर निगेटिव्हही गेल्या. आयझाया टेबर या छायाचित्रकाराने त्यांच्या प्रती स्वतःच्या नावाने विकायला आरंभ केला. आपणच काढलेली चित्रे दुसऱ्याच्या नावाने बाजारात पाहण्याची वेळ वॉटकिन्स यांच्यावर आली.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरील या माणसाने मग पुन्हा कॅमेरा उचलला. तो त्याच ठिकाणी गेला, तेच कडे आणि तेच धबधबे त्याने नव्याने टिपले. ही चित्रे वॉटकिन्स यांची नवी मालिका म्हणून ओळखली जातात. १८७९ साली, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, ते फ्रान्सिस स्नीड यांच्याशी विवाहबद्ध झाले. त्यांना दोन अपत्ये झाली. परंतु १८९०च्या दशकात दृष्टी अधू होऊ लागली, सांधेदुखीने शरीर जखडले आणि काम थांबले. एक काळ असा आला, की हे कुटुंब रेल्वेच्या जुन्या डब्यात राहत होते. अखेर हंटिंग्टन यांनी मैत्रीला जागून त्यांना केपे खोऱ्यात शेतजमीन दिली.

उरलेला संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे सोपविण्याची बोलणी सुरू असतानाच १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरले. पाठोपाठच्या आगीत वॉटकिन्स यांचा स्टुडिओ भस्मसात झाला. टेबर यांच्याकडे गेलेल्या जुन्या निगेटिव्हही त्याच आगीत नष्ट झाल्या. जवळजवळ अंध झालेले, काठी टेकत आधाराने चालणारे वॉटकिन्स त्या दिवसांतील एका छायाचित्रात दिसतात. या आघातातून ते सावरले नाहीत. १९१० साली त्यांना नापा येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. २३ जून १९१६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. रुग्णालयाच्या आवारातील त्यांच्या कबरीवर नावही नव्हते.

नुसत्या डोळ्यांनी

काचा जळाल्या, तरी घरोघरी विकली गेलेली कार्डे उरली. आज अनेक ग्रंथालये आणि संग्रहालयांनी ती संगणकावर उपलब्ध करून दिली आहेत. ती पाहायला स्टिरिओस्कोपच हवा, असे नाही. जोडचित्र पडद्यावर लहान करून दोन चित्रांच्या मध्यबिंदूंतील अंतर सुमारे सहा सेंटिमीटर ठेवावे. मग खिडकीबाहेर दूर पाहावे तशी नजर सैल सोडून चित्रांकडे पाहावे. काही वेळाने दोनाऐवजी तीन चित्रे दिसू लागतात आणि मधल्या चित्रात दरी उघडते. हे जमत नसल्यास चित्रांची डावी-उजवी जागा बदलावी आणि डोळे व पडदा यांच्यामध्ये धरलेल्या बोटाच्या टोकावर नजर स्थिर करावी. जागा न बदलता ही दुसरी रीत वापरली, तर खोली उलटी होते आणि जवळचे झाड कड्यामागे गेल्यासारखे भासते. डोळ्यांवर ताण आल्यास थांबणे उत्तम. सरावाने हे साधते.

१९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने वॉटकिन्स यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरविले. पुढे ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही गेले. हयातीत हिरावला गेलेला मान त्यांना असा उशिरा मिळाला. कबरीचा दगड नसला, तरी योसेमिटीतील मिरर लेकच्या निवांत पाण्यात माउंट वॉटकिन्सचे प्रतिबिंब आजही पडते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी ते टिपून ठेवले होते.