पोकळीतला रेटा

रॉबर्ट गॉडर्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेतील वुस्टर येथे झाला. बालपणी प्रकृती नाजूक, त्यामुळे शाळा वारंवार बुडे. १९ ऑक्टोबर १८९९ रोजी चेरीच्या झाडावर चढले असता मंगळापर्यंत जाणाऱ्या यानाची कल्पना त्यांच्या मनात आली. तो दिवस ते पुढे आयुष्यभर आठवणीने पाळत. १९१३ मध्ये क्षयाने त्यांना मरणाच्या दारी नेले. त्यातून सावरताच १९१४ मध्ये त्यांनी द्रव इंधनाच्या आणि अनेक टप्प्यांच्या अग्निबाणाची एकस्वे मिळवली.

अग्निबाण मागच्या हवेला रेटून पुढे जातो, हा समज तेव्हा सुशिक्षितांतही रूढ होता. दिवाळीतला बाण पाहून आजही अनेकांना तसेच वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. बंद नळकांड्यात तापलेला वायू सर्व बाजूंना सारखाच दाब देतो. मागे तोंड उघडले की त्या बाजूला दाब झेलायला भिंतच उरत नाही. समोरच्या भिंतीवरचा दाब मात्र कायम राहतो आणि तोच बाणाला पुढे ढकलतो. वायू जितक्या वेगाने मागे सुटेल, तितका रेटा अधिक. बाहेर हवा असणे आवश्यक तर नाहीच, उलट ती सुटणाऱ्या वायूला अडवते. गॉडर्ड यांनी क्लार्क विद्यापीठात हवा काढून घेतलेल्या नळीत बाण पेटवून पाहिला. रेटा घटला नाही, वाढला.

तरीही १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्यांना शाळकरी भौतिकशास्त्रही अवगत नसल्याचा टोमणा मारला. मुळातच संकोची असलेला हा प्राध्यापक त्यानंतर अधिकच मिटून गेला. त्याने इतरांशी विचारविनिमय टाळला, आणि त्यात अमेरिकेचेही नुकसान झाले, असे म्हणावेसे वाटते.

काम मात्र थांबले नाही. दारूपेक्षा पेट्रोलमध्ये ऊर्जा अधिक. आणि द्रवरूप ऑक्सिजन सोबत नेला, तर ज्वलनालाही बाहेरची हवा लागत नाही. १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न येथे एका नातेवाइकाच्या बर्फाळलेल्या शेतातून असा पहिला बाण उडाला. अडीच सेकंद, जेमतेम साडेबारा मीटर उंची! पुढील प्रयोग न्यू मेक्सिकोतील रॉसवेलच्या माळरानावर झाले.

१० ऑगस्ट १९४५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, न्यूयॉर्क टाइम्सने त्या अग्रलेखाची दुरुस्ती छापली.