ओसाड पुण्यात जिजाऊ

आपल्या सिंदखेडराजाची लेक जिजाऊ, जन्म १५९८. वडील लखुजी जाधव १६२९ मध्ये निजामशाही दरबारात मारले गेले. पाठोपाठ १६३० चा दुष्काळ आला. आदिलशाही फौजेने पुणे जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. त्याच ओसाड जागी जिजाऊ बाल शिवबांना घेऊन आल्या. त्यांनी तिथे सोन्याचा नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. पण रयत परतली, कारण पडीक जमिनीवर सुरुवातीला सारा हलका ठेवला गेला. १६६६ मध्ये शिवराय आग्र्यात अडकले असताना राज्यकारभार जिजाऊंनीच सांभाळला. राज्याभिषेक पाहून १७ जून १६७४ रोजी त्या पाचाडला निवर्तल्या. मंदीत टीम सांभाळणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे: आधी माणसांना उभे राहू द्यावे, मग पीक मागावे.