पुरावा जपणारे फादर हेरास

स्पेनमधील बार्सिलोना येथे १८८८ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले. १९२६ साली त्यांनी तेथेच इतिहास संशोधन संस्था स्थापली. नाणी, मूर्ती, हस्तलिखिते जमवली. सिंधू संस्कृती आर्यपूर्व, द्राविडी असल्याचे त्यांनी मांडले. त्यांचे सिंधू लिपीचे वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही. १९५५ साली त्यांचे निधन झाले. पण त्यांनी जमवलेला पुरावा उरला. संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. पुराव्याविना दावा टिकत नाही, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. वालचंदनगरच्या कामगार वसाहतींतील चळवळीची जुनी पत्रके, छायाचित्रे मात्र रद्दीत जातात. बांधवांनो, इतिहास लिहायचा तर आधी कागद जपा!